तळाची ओळ

कार्डबाईंना राग आला की त्या कमालीच्या गोड बोलत. ग्रंथालयात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळी ग्रंथपालांनी हातातलं पत्र वाचून दाखवलं आणि बाई म्हणाल्या, "अरे वा! छानच झालं की हो," तेव्हा ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

पत्रात तसं वाईट काही नव्हतं. आसपासच्या सहा गावांच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी मिळून संगणकाचं एक जाळं उभारलं होतं आणि सातवं म्हणून आता यांचं ग्रंथालय त्यात घेतलं होतं. सातांची मिळून एकच यादी. वाचकाने आपल्या गावात बसून पुस्तक शोधावं, मागणी नोंदवावी, आणि ते जिथे असेल तिथून आठवड्यातून दोनदा फिरणाऱ्या गाडीने त्याच्या गावात यावं. याला नावं ठेवायची तर माणूस जात्याच वाकड्या तोंडाचा हवा. पण पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं आणि ग्रंथपालांनी ते जरा घाईने वाचलं. एका पुस्तकाची यादीत एकच नोंद राहील. मोठ्या गावच्या ग्रंथालयाने सगळ्यांत आधी काम पूर्ण केलं असल्यामुळे त्यांची नोंद मूळ धरली जाईल आणि इतरांची त्यात विलीन होईल.

मोठ्या गावच्या ग्रंथालयाची प्रमुख म्हणजे बाईंची सख्खी धाकटी बहीण.

बाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, बाकी कुठे नव्हतं. एकतीस वर्षं त्या पुस्तकांची कार्डं लिहीत आल्या होत्या, म्हणून कार्डबाई. नवं पुस्तक आलं की ते आधी त्यांच्या टेबलावर येई. लेखक, नाव, पानं, वर्गांक, दाखल क्रमांक हे सगळं त्या टपोऱ्या अक्षरात लिहीत. एवढं तर कुठलाही तालिकाकार करतो. बाईंचं वेगळेपण कार्डाच्या तळाशी होतं. कार्ड खणात अडकवायची सळई जिथून जाते ते भोक तळाशी मधोमध असतं. त्या भोकाला वळसा घालून बाई एक ओळ लिहायच्या, आणि ती ओळ लिहिण्यासाठी पुस्तक वाचायच्या. सगळं नाही तरी निम्मं.

"कादंबरी. नायक मूर्ख आहे, पण विहीर खणण्याचं वर्णन (पान ४०) अगदी बरोबर." "आजाऱ्याला वाचून दाखवायला चांगलं, प्रकरणं छोटी." "ओल धरलेली भिंत : पान ११२ पाहा, बाकी पुस्तक घराच्या गप्पा." "खून कोणी केला ते पान साठवरच कळतं, तरी वाचावं." अशा अकरा हजार ओळी. वाचकांना वर्गांकाशी काय देणंघेणं? ते खण ओढत, कार्डं मागे-पुढे सारत आणि थेट तळाची ओळ वाचत. नळजोडणीवाला यायचा, परिचारिका यायची, कोर्टातला टायपिस्ट यायचा, आणि एखाद्याने अभिप्राय विचारला तर दुसराच वाचक म्हणायचा, "तळाची ओळ काय म्हणते बघा ना."

हे सगळं धाकटीला कोणी शिकवलं? बाईंनीच. शाळेला सुट्टी लागली की धाकटी ताईच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसायची आणि कोऱ्या कार्डांवर गिरवायची. पुढे ती रीतसर शिकली, पदवी घेतली. आणि बावीस वर्षांपूर्वी मोठ्या गावच्या ग्रंथालयात जागा निघाली तेव्हा दोघी बहिणींनी अर्ज केला. आदल्या दिवशी बाईंनीच धाकटीला बजावलं होतं, "हे बघ, परीक्षेला पाच पुस्तकं देतील आणि एक तास. नियमापुरतं लिही आणि पुढे हो. टिपेबिपेत वेळ घालवू नकोस." सल्ला सोन्यासारखा होता. धाकटीने तो तंतोतंत पाळला. बाई मात्र पाचांतलं दुसरं पुस्तक उघडून त्यातच गुंतल्या. तास संपला तेव्हा धाकटीची पाच कार्डं झाली होती आणि बाईंची दोन, दोन्हींच्या तळाशी सुंदर ओळ. निवड समितीतले एक गृहस्थ ती ओळ वाचून म्हणाले, "बाई, नोंद करायची होती, परीक्षण नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

तेव्हापासून जे पोटात दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. दुखणं दाखवायची सोय नव्हती, कारण धाकटी वागायला चांगली होती. तिने कधी तोरा मिरवला नाही. वाढदिवसाला न चुकता फोन करायची, बाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आई तिच्याकडे राहत होती तर आईचं सगळं करायची. माणूस वाईट असला तर त्याचा मत्सर करणं निदान सोपं असतं. चांगल्या माणसाचा करायचा म्हणजे सगळा भार आपल्यावरच.

त्यात आई. दर रविवारी सकाळी नऊला आईचा फोन यायचा, आणि तो बाईंना यायचा पण धाकटीबद्दल असायचा. धाकटीचा सत्कार झाला. धाकटीने वाचनकक्षात नवे पंखे बसवून घेतले. धाकटी परिषदेला जाऊन आली, तिथे तिचं भाषण झालं, सगळे उभे राहिले म्हणे. बाई "हो का गं, छान, छान" म्हणत आणि फोन ठेवून इतक्या जोरात भांडी घासायला घेत की नवरा वर्तमानपत्रामागूनच विचारी, "आज कितवा सत्कार?"

तर अशा धाकटीच्या नोंदी आता मूळ, आणि बाईंच्या त्यात विलीन.

काम बाईंनाच दिलं गेलं, कारण दुसरं कोण करणार? कार्डं वर्षभर आधीच संगणकात टंकून घेतली होती, तळाच्या ओळीसकट. ग्रंथपालांनी आतल्या खोलीत टेबल लावून दिलं आणि बाहेर वाचकांसाठी शोधायचा एक संगणक ठेवला. आतल्या पडद्याचे दोन भाग होते. डावीकडे सामाईक यादीतली नोंद, उजवीकडे बाईंची. खाली प्रश्न : हे पुस्तक एकच आहे की वेगळं? आणि दोन चौकोन, 'एकच' आणि 'वेगळं'. 'एकच' दाबलं की उजवीकडची नोंद नाहीशी व्हायची. पुस्तक राहायचं, नोंद डावीकडची. 'वेगळं' दाबलं की दोन्ही नोंदी यादीत राहायच्या. हे दुसरं बटण कशासाठी? आवृत्ती निराळी असेल, पानं कमी-जास्त असतील, अनुवाद दुसऱ्याचा असेल, तर.

शिकवायला आलेला संगणकवाला म्हणाला, "मॅडम, एकदम सोपं आहे. बघायचं आणि दाबायचं."

"माझ्या तळाच्या ओळीचं काय होतं?"

"ती टीप ना? ती मूळ नोंदीत नसेल तर जाते. तसंही टीप सक्तीची नाहीये."

"सक्तीची नाही," बाई गोड हसून म्हणाल्या, "बरोबर."

पहिले चार दिवस त्यांनी इमानेइतबारे काम केलं. इतर गावांच्या नोंदी आल्या, आपली ओळ जाताना पाहिली, मन घट्ट करून 'एकच' दाबलं. पाचव्या दिवशी धाकटीच्या नोंदी सुरू झाल्या. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती करणाऱ्याची खूण असायची, नावाची दोन अक्षरं. धाकटीची ती दोन अक्षरं बाईंनी तिला लहानपणी गिरवायला शिकवली होती. त्यांच्या वर काय होतं? लेखक, नाव, २१२ पानं, २२ सेंटीमीटर, चित्रे नाहीत. बस्स. कोरडीठाक नोंद. निवड समितीच्या गृहस्थांना आवडेल अशी.

पुस्तक होतं तेच, विहिरीवालं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दोन्हीकडची पानं मोजली, आवृत्ती पाहिली, प्रकाशनाचं वर्ष पाहिलं. एका टिंबाचा फरक नव्हता. बाईंनी 'वेगळं' दाबलं.

काही झालं नाही. पुढची नोंद आली. तीही धाकटीची. 'वेगळं.' संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस पुस्तकं वेगळी झाली होती आणि बाई घरी जाताना चक्क गुणगुणत होत्या. रात्री नवऱ्याने भाजीची चव घेऊन आश्चर्याने वर पाहिलं. महिनाभराने पहिल्यांदाच मीठ बेताचं पडलं होतं.

बाईंना आपण काय करतोय ते कळत नव्हतं असं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एक दाखल क्रमांक चुकवला नव्हता, आणि आता त्या ठरवून खोटं लिहीत होत्या. पण मन मोठं वकील असतं. बाकी पाच गावांचं सगळं खरं लिहितेय ना? मग. आणि खोटं तरी कसं म्हणायचं? माझी नोंद आणि तिची नोंद एक आहेत असं कोणी डोळे उघडे ठेवून म्हणू शकेल? अशी स्वतःची समजूत घालत बाईंनी दोन महिन्यांत एक हजार चारशे बारा पुस्तकं वेगळी ठरवली. सगळीच्या सगळी धाकटीची.

तिसऱ्या महिन्यात धाकटीचा फोन आला. त्या दिवशी बाईंचा वाढदिवस नव्हता.

"ताई, काम कसं चाललंय?"

"मजेत. तुझं?"

"अगं, यादीत बऱ्याच नोंदी दुहेरी दिसतायत. तुमच्याकडच्या आणि आमच्याकडच्या."

"आवृत्त्या वेगळ्या आहेत तुमच्या," बाई म्हणाल्या. आवाजात पाकच होता. "आम्ही जुनं ग्रंथालय ना. जुन्या प्रती आहेत आमच्याकडे."

"असेल," ती म्हणाली. "गुडघे कसे आहेत?"

फोन ठेवल्यावर बाईंना हुश्श वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. एवढ्या सहज मान्य केलं? तपासून पाहावंसंही वाटलं नाही? आपल्या नोंदींवर इतका विश्वास, की आमच्या बाजूला ढुंकून बघायची गरज नाही! कसंही करा, जळणाऱ्याला काडी मिळतेच.

मग एका गुरुवारी घड्याळवाले काका आले.

काका बाजारात मनगटी घड्याळं दुरुस्त करायचे आणि ग्रंथालयाचे तीस वर्षांचे वाचक होते. गाडी नुकतीच येऊन गेली होती. बाई पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा काका पुस्तक छातीशी धरून देवघेवीच्या खिडकीजवळ उभे होते. बाईंना पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, आलं एकदाचं! अकरा आठवडे झाले हो. माझ्या पुढे तिकडचे चार वाचक होते."

"कुठलं पुस्तक?"

काकांनी दाखवलं. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा बोलायला शिकवायचं पुस्तक. वर मोठ्या गावच्या ग्रंथालयाचा शिक्का होता. काका सांगायला लागले. काकूंना उन्हाळ्यात झटका आला, हातपाय सावरले पण वाचा गेली. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदाच येतात. त्यांनी हे पुस्तक सुचवलं आणि म्हणाल्या, घरी रोज करून घ्या, सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे.

"मला का नाही विचारलंत?" बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"तुम्ही आत कामात असता. म्हटलं कशाला त्रास? आणि आता तो संगणक आहे ना बाहेर, मी स्वतः शोधलं." काकांना याचा जरा अभिमान वाटत होता. "त्याच नावाचं अजून एक खाली दिसत होतं, पण म्हटलं हे वेगळं पुस्तक असणार. वेगळं आहे म्हणूनच वेगळं दाखवलंय ना त्यांनी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं चुकायला नको, म्हणून खालचं उघडूनही न बघता वरचंच मागितलं आणि थांबलो."

बाईंनी विचारलं, "काकू आता कशा आहेत?"

"मधे मधे एखादा शब्द येतो. 'पाणी' म्हणते. परवा मला 'घड्याळ' म्हणाली," काका हसले. "मलाच बरं का, भिंतीवरच्याला नाही. येईल हळूहळू. आता पुस्तक आहे."

काका गेले. बाई मागच्या कपाटांकडे गेल्या. त्यांना शोधायला लागलं नाही. काका उभे होते तिथून बारा-तेरा पावलांवर, खालून दुसऱ्या फळीवर, तेच पुस्तक होतं. तीच आवृत्ती, तीच पानं. पडद्यावर त्याच्याखाली बाईंची ओळ होती : "लकव्यानंतरच्या बोलण्याचे धडे घरच्या माणसाने घ्यायचे, पान ६४ पासून सुरू करा, आधीचं डॉक्टरांसाठी." अकरा आठवडे ते पुस्तक फळीवर उभं होतं आणि कोणी त्याला हात लावला नव्हता, कारण बाईंनी ते वेगळं ठरवलं होतं.

बाई तिथेच खालच्या फळीच्या कडेवर बसल्या. गुडघे दुखत होते, आणि त्यांना वाटलं, दुखू देत, याहून जास्त दुखायला हवेत. आपण बहिणीचा सूड घ्यायला निघालो आणि काकूंचे शब्द अडवून बसलो. लाज वाटली, अगदी अंग आकसून घ्यावं अशी. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही एक काटा होता. हे आता धाकटीला सांगावं लागणार. जगात इतकी माणसं असताना, तिलाच.

त्यांनी त्याच दुपारी फोन केला. गोड बोलल्या नाहीत. "आवृत्त्या एकच आहेत," त्या म्हणाल्या. "चौदाशे बारा. मी मुद्दाम केलं."

पलीकडून उत्तर आलं, "माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"फक्त माझ्याच नोंदी वेगळ्या निघाल्या. बाकी पाच गावांशी एकही नाही. दोन महिन्यांपूर्वीच लक्षात आलं माझ्या."

बाईंनी विचारलं, "मग बोलली का नाहीस? त्या दिवशी फोन केलास तेव्हा?"

"बोलणारच होते." धाकटी अडखळली. "पण त्याआधी उघडून बघितल्या तुझ्या नोंदी. तळाच्या ओळी वाचत बसले. दुहेरी नोंदी एक केल्या की त्या ओळी पुसल्या जाणार. ते काम माझ्या हातून होईना. मग म्हटलं, राहू देत थोडे दिवस."

झालं! धाकटीने ताईला पापसुद्धा धड करू दिलं नव्हतं. बाईंनी द्वेषाने जे केलं तेच धाकटीने मायेने चालू ठेवलं होतं. म्हणजे इथेही वरचढ तीच. बाईंना एकाच वेळी रडू आलं आणि बहिणीला बदडावंसं वाटलं.

"राहू देत म्हणे," बाई कडाडल्या. "इथे एका माणसाचं पुस्तक अकरा आठवडे अडलं. बायको मुकी बसलीय त्याची." आणि त्यांनी घड्याळवाल्या काकांचं सगळं सांगितलं.

धाकटी म्हणाली, "म्हणजे अर्धं माझ्यामुळे."

बाईंनी ते नाकारलं नाही. नाकारायला हवं होतं, मोठ्या बहिणीला शोभलं असतं. पण अपराधाचा निम्मा वाटा कोणी उचलत असेल तर तेवढा तरी धाकटीने उचलावा असं त्यांना मनापासून वाटलं.

"उद्यापासून मी सगळ्या 'एकच' करते," बाई म्हणाल्या. "जाऊ देत ओळी."

"जायला नकोत," धाकटी घाईने म्हणाली. "माझ्या नोंदीत टिपेची जागा रिकामीच आहे. आधी तुझी ओळ तिथे टंकायची, मग एक करायचं. वेळ लागेल, पण ओळ राहील. सातही गावांत दिसेल."

"आणि खाली खूण?"

"खूण मूळ नोंदीची राहते, ताई. ती बदलता येत नाही. मी संगणकवाल्याला विचारलं. सात ग्रंथालयांच्या समितीलाही पत्र लिहिलं. नाही म्हणाले."

म्हणजे असं होतं एकूण. ओळी मराव्यात बाईंच्या म्हणून, नाहीतर जगाव्यात धाकटीच्या म्हणून. बाईंनी "बघते" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी भाजी कोणालाच खाववली नाही. दुसऱ्या दिवशीही त्यांनी यंत्र सुरू केलं नाही, खणांवरची धूळ पुसत बसल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं स्वतःशी चार वेळा म्हणून झालं. मरू देत ओळी, असंही म्हणून झालं. निदान कोणाच्या नावावर तरी जाणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्या पुस्तकाची नोंद काढली. सकाळी काका दारात भेटले होते. पुस्तक वाचायला सुरुवात केली म्हणाले, पण पहिली साठ पानं काही केल्या कळत नाहीत, औषधांची नावं नि मेंदूचे नकाशे. "पान चौसष्टपासून सुरू करा," बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं होतं, आणि काकांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. इथे बाई होत्या म्हणून काकांना सांगितलं. बाकी सहा गावांत कोण सांगणार? बाईंनी डावीकडच्या नोंदीत, धाकटीच्या दोन अक्षरांच्या वर, आपली ओळ टंकली. शब्दाला शब्द. मग 'एकच' दाबलं. उजवीकडची बाजू कोरी झाली.

रोज वीस-पंचवीस व्हायच्या. सोपं काही गेलं नाही. एकेक ओळ टंकताना बाईंना ती कुठे बसून लिहिली ते आठवायचं, आणि खालची दोन अक्षरं दिसली की दर वेळी नव्याने चटका बसायचा. माणसाचं मन मोठं झालं वगैरे गोष्टी भाषणात होतात. बाईंचं झालं नाही. त्या जळत होत्या आणि टंकत होत्या. एकदा तर एका ओळीत मुद्दाम चूक ठेवावी असा मोह झाला, धाकटीच्या नावावर जाऊ दे म्हणून. ठेवलीही. दहा मिनिटांनी परत जाऊन दुरुस्त केली, कारण चूक बघवेना.

पाचेकशे झाल्या असतील तेव्हाचा रविवार. सकाळी नऊला आईचा फोन. बाईंनी कपाळाला हात लावूनच तो उचलला.

"अगं, ऐक गंमत," आई म्हणाली. आवाजात उत्साह मावत नव्हता. "धाकटीने मला तिच्या फोनवर ती यादी लावून दिलीय. बसल्या बसल्या पुस्तकं शोधते मी. आणि काय सांगू, प्रत्येक पुस्तकाखाली तिने इतकं मजेदार लिहिलंय! थांब, वाचून दाखवते. 'नायक मूर्ख आहे, पण विहीर खणण्याचं वर्णन अगदी बरोबर.'" आई खळखळून हसली. "आणि हे ऐक. 'खून कोणी केला ते पान साठवरच कळतं, तरी वाचावं.' एवढी हुशार असेल असं मलासुद्धा वाटलं नव्हतं हो! खाली तिचीच खूण आहे."

एकतीस वर्षांत आईने त्यांचं एक कार्ड पाहिलं नव्हतं. आता ती त्यांच्या ओळी त्यांनाच वाचून दाखवत होती, एकामागून एक, आणि प्रत्येकीला हसत होती, बरोबर जिथे हसायला हवं तिथे. इतका चांगला वाचक बाईंना आजवर मिळाला नव्हता. सांगून टाकावं का? जीभ उचलली, आणि पुन्हा टेकली. स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? 'माझं आहे ते, माझं,' असं, छप्पन्नाव्या वर्षी?

तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला. ती स्वयंपाकघरातून आली असावी. "आई, ते मी नाही लिहिलेलं. सगळं ताईचं आहे. सगळंच्या सगळं. मी फक्त पानं मोजलीयत."

बावीस वर्षांत जे ऐकायला कान आसुसले होते ते धाकटीने स्वतःहून, आईसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं.

आईने आवाज खाली आणला, मागे कोणाला ऐकू जाऊ नये इतका.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "तुला बरं वाटावं म्हणून म्हणतेय गं ती. स्वतःचं काम बहिणीच्या नावावर करायला निघालीय. इतकं मोठं मन मी आजवर कोणाचं पाहिलं नाही. तूही तिच्याशी जरा नीट वागत जा, बाळा."

बाईंनी डोळे मिटले. पलीकडे धाकटी "अगं आई, खरंच..." असं काहीतरी म्हणत होती आणि आई तिला "असू दे, असू दे" म्हणून गप्प करत होती.

"हो, आई," बाई म्हणाल्या. "मन मोठं आहे तिचं." मग अजिबात गोड न बोलता त्यांनी विचारलं, "अजून एखादी वाचतेस का?"